तेल चामड्याला, चिंच पितळेला

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर चढलं. धोक्याची पातळी ४५ फुटांची. त्या आठवड्यात ज्यांचं घर नदीच्या अंगाला होतं त्यांना पुढचं सांगायला नको. पाणी उतरल्यावर चिखल उपसत आम्ही आतल्या खोलीत पोचलो, तेव्हा लोखंडी कपाटाच्या तळच्या खणात आत्याची हँडबॅग सापडली. कित्येक दिवस पाण्यात राहून ती फुगली होती, अंगावर गाळाचा लेप बसला होता, आणि तरी तिचा पितळी खटका बंदच होता. मी तो उघडला आणि आतून नदी गळली.

आत्या साताऱ्याला मुलींच्या शाळेत शिक्षिका होती. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत तिनं ही बॅग मुंबईहून आणवली आणि निवृत्त होईपर्यंत तीच वापरली. जाड तपकिरी चामडं. तोंडाला पितळी चौकट, चौकटीवर एकमेकींत अडकणाऱ्या दोन गोळ्यांचा खटका. दोन्ही बाजूंना पितळी कड्या, कड्यांतून जाणारा पट्टा, आणि पट्ट्याला लोखंडी बकल, वरून निकेलचा मुलामा. आत कापडी अस्तर, पण एक लहान कप्पा नुसत्या चामड्याचा, बिनअस्तराचा. एवढ्या बारकाईनं सांगते आहे, कारण हँडबॅगा दुरुस्त करण्याबद्दलचं हे पुस्तक या एका बॅगेतून निघालं आहे.

तिला वाचवायला मी जे जे केलं ते मायेपोटी केलं, आणि जवळजवळ सगळं चुकलं. कपड्याच्या साबणानं धुतली. गच्चीवर कडक उन्हात वाळत टाकली. वाळून ताठ झाली म्हणून खोबरेल तेल चोळलं, सढळ हातानं, दोनदा. खटका काळवंडला होता म्हणून देवाच्या भांड्यांना लावतात तशी चिंच लावली. दिवाळीपर्यंत सगळं अंगावर आलं. घडीच्या जागी चामडं पापडासारखं तडकलं. चिंचेचं पाणी जिथे ओघळलं तिथे कडा धरलेले डाग पडले. खटक्याच्या बुडाशी हिरवं, मेणचट काहीतरी साचायला लागलं. बकलाखाली पट्ट्यावर शाई सांडल्यासारखा काळा चट्टा उठला. आणि थंडी पडली तशी बॅगेच्या सगळ्या अंगावर पांढरट साय आली.

ती बॅग घेऊन मी साताऱ्याला गेले. पेठेतल्या एका बोळात वयस्क चर्मकार कारागीर बसतात. त्यांचं नाव छापू नये असं त्यांनी निक्षून सांगितलं आहे, तेव्हा सगळे म्हणतात तसं मीही त्यांना मामाच म्हणते. मामांनी बॅग मांडीवर घेतली, नाकाशी नेली, कडेवर नखानं दाबलं, खटका तीन-चारदा उघडून मिटला. मग म्हणाले, "ताई, तुम्ही दोघांना एकाच ताटात जेवायला बसवलंत. तेल चामड्याला, चिंच पितळेला. एकाचा घास दुसऱ्याच्या तोंडात गेला की दोघंही आजारी."

हँडबॅग दुरुस्तीबद्दल गेल्या पाच-सहा वर्षांत मी जे काही शिकले ते सगळं या वाक्यात बसतं. चामडं आणि धातू एका बॅगेत जन्मभर शेजारी राहतात, पण त्यांची प्रकृती वेगळी आणि पथ्यही वेगळं. जुन्या बॅगांवरची बहुतेक व्यंगं काळानं आलेली नसतात. या दोघांच्या शेजारातून आलेली असतात, आणि त्यात आपण हौसेनं केलेल्या उपचारांची भर असते.

बकलाखालच्या काळ्या चट्ट्याचंच घ्या. कातडं कमावलं की त्याचं चामडं होतं. आपल्याकडे ते कमवायची जुनी रीत हिरडा आणि बाभळीच्या सालीची. त्यांतलं टॅनिन कातड्याच्या तंतूंना धरून बसतं, म्हणून कातडं सडत नाही. हिरडा जावळी, पाटण, महाबळेश्वरच्या डोंगरांतला. एके काळी तो मुंबईहून इंग्लंडातल्या टॅनऱ्यांकडे गलबतं भरून जायचा. आता हिरडा आणि हिराकस एकत्र आले की काळा रंग उतरतो, हे जुन्या रंगाऱ्यांना ठाऊक होतं. हिराकस म्हणजे लोहाचाच क्षार. आत्याच्या बॅगेत हेच घडलं. निकेलचा मुलामा झिजला, खालचं लोखंड पुराच्या पाण्यात गंजलं, ते लोह चामड्यातल्या टॅनिनला भेटलं आणि पट्ट्याच्या आतच शाई तयार झाली. हा डाग वरचा नाही. घासून तो जात नाही, घासून फक्त चामडं जातं.

हिरव्या मेणाचीही गोष्ट अशीच. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. तेला-चरबीतली आम्लं तांब्याला लागली की त्याचा हिरवा साबण होतो. म्हणजे हिरवं साचतंय ते पितळ खराब आहे म्हणून नाही, तेल जास्त झालंय म्हणून. लोक मात्र हिरवं दिसलं की पितळ घासतात, मग चामडं सुकलं म्हणून आणखी तेल लावतात, आणि पुढच्या पावसाळ्यात हिरवं दुप्पट होऊन येतं. लाकडी काडीचं टोक चपटं करून ते कोरडंच खरवडायचं, आणि तेल थांबवायचं. इलाज एवढाच.

पांढऱ्या सायीनं तर मला महिनाभर फसवलं. मी तिला बुरशी समजून पुसत होते. मामांनी अंगठा टेकवून दहा आकडे मोजले. साय विरघळली. बुरशी अंगठ्याच्या उबेनं विरघळत नाही. खोबरेल तेल साधारण २४ अंशांखाली गोठतं. थंडीत ते चामड्याच्या पोटातून वर येऊन गोठलं होतं. केसांना जे तेल चांगलं ते चामड्याला चांगलं, हा आपल्या घराघरांतला समज मोडायला ही एक खूण पुरे. शिवाय खाद्यतेलं काही काळानं खवट होतात, आणि खवट तेल म्हणजे पुन्हा आम्ल.

या पुस्तकाची कल्पना मी पहिल्यांदा बोलून दाखवली तेव्हा एका जाणत्या स्नेह्यानं विचारलं, हँडबॅग ही वस्तू परदेशी, तिच्या जीर्णोद्धाराचं शास्त्रही परदेशी. सातारा-सांगलीचा इथे संबंध काय? आपल्या आज्यांकडे बटवा होता, कमरेला कसा होता, चंची होती. पर्स नंतर आली. शंका रास्त आहे, आणि तिचं उत्तर देण्यासाठीच ही प्रस्तावना एवढी लांबली आहे.

वस्तू बाहेरून आली, मान्य. पण चामडं पाण्यात, उन्हात, घामात वर्षानुवर्षं चालतं कसं ठेवायचं हे इथल्या माणसांना हँडबॅगेच्या कितीतरी आधीपासून माहीत होतं, कारण इथली शेती चामड्यावर चालत होती. मी मोटेबद्दल बोलते आहे. विहिरीवरची मोट म्हणजे पाण्याचं ओझं उचलणारी चामड्याची पिशवीच. दिवसभर ती बुडायची, भरायची, दगडी थारोळ्यात ओतली जायची आणि पुन्हा खाली जायची. मोट शिवणं आणि तिची डागडुजी हे चर्मकाराच्या बलुत्यातलं काम. कातडं कमावणं ढोर समाजाचं. मामांचे वडील मोटा शिवायचे. ते सांगायचे, चालती मोट टिकते, पडून राहिलेली तडकते. काम नसेल तेव्हा तिला तेलाचा हात देऊन सावलीला टांगायची, उन्हात कधी नाही. मी गच्चीवर बॅग वाळवत होते तेव्हा हे वाक्य माझ्यापासून एका पिढीच्या अंतरावर होतं, आणि मला ते माहीत नव्हतं.

मोट गेली ती इंजिनं आणि पंप आले म्हणून. त्यांतले कितीतरी पंप याच खोऱ्यात, किर्लोस्करवाडीला तयार झाले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या माळरानावर १९१० साली वसवलेलं हे गाव आज सांगली जिल्ह्यात आहे. शेतकऱ्याच्या आणि बैलाच्या मानेवरचं ओझं उतरलं, ते उतरायलाच हवं होतं. पण मोटेबरोबर मोट सांभाळण्याचं ज्ञानही गेलं. ते कुणी लिहून ठेवलं नव्हतं. ज्यांच्या हातात ते होतं त्यांना गावकुसाबाहेर ठेवलेलं, आणि ज्यांच्या हातात लेखणी होती त्यांना चामड्याचा विटाळ. मोटेचं पाणी सगळ्यांच्या शेतात गेलं; मोट शिवणाऱ्याला त्याच विहिरीचं पाणी मोकळेपणानं भरता येत नव्हतं. आपल्या भाषेत अमुक मंत्र कसा म्हणावा यावर पोथ्या आहेत, पण बाभळीच्या सालीच्या काढ्यात कातडं किती दिवस ठेवावं यावर चार पानं सापडायला मला वर्ष गेलं. हे मला फार लागलं. या पुस्तकात कारागिरांचे शब्द मी शक्य तिथे त्यांच्याच तोंडचे ठेवले आहेत, ते याच कारणासाठी.

एक रस्ता मोटेकडून थेट आजच्या हँडबॅगेकडे येतो, तो इथे सांगायलाच हवा. आज बाजारातलं बहुतेक चामडं क्रोमच्या क्षारांनी कमावलेलं असतं. १८८४ साली न्यूयॉर्कच्या ऑगस्टस शुल्ट्झ यांनी या रीतीचं पेटंट घेतलं. त्यांना ही गरज कशातून जाणवली? बायकांच्या कॉर्सेटमधल्या पोलादी पट्ट्यांवर जे चामडं चढवत, त्यानं पोलाद गंजायचं. धातूला गंजवणार नाही असं चामडं हवं होतं. म्हणजे मामांच्या त्या एकाच ताटातल्या दोघांचं भांडण मिटवायला निघालेल्या माणसानं सगळ्या जगाची टॅनरी बदलली. आणि विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला आल्फ्रेड चॅटर्टन यांनी मद्रासला क्रोम कमावणी आणली तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर पर्स नव्हत्या, विहिरीवरच्या मोटा होत्या. क्रोमचं चामडं पाण्यात जास्त टिकेल, हा त्यांचा हिशेब.

म्हणून कोणतीही जुनी बॅग हातात आली की पहिला प्रश्न: कमावणी कोणती? पट्ट्याची कापलेली कड बघा. आत निळसर राखाडी झाक असेल तर क्रोम. सगळीकडे तपकिरी असेल तर बहुधा साल-हिरड्याची. हे आधी कळायला हवं, कारण उष्णतेपुढे दोघांची सहनशक्ती वेगळी. क्रोमचं चामडं उकळत्या पाण्याच्या आसपास तग धरतं. सालीनं कमावलेलं चामडं ओलं असताना ७०-८० अंशांवर आकसतं, आणि जुनं खंगलेलं असेल तर त्याच्या कितीतरी आधी. एकदा आकसलं की ते उलटं फिरत नाही. केस वाळवायचं यंत्र ओल्या बॅगेवर धरणाऱ्यांनी हे आकडे लक्षात ठेवावेत. साबणाचंही तसंच: चामडं स्वभावानं आम्लधर्मी, पीएच चारच्या आसपास; कपड्याचा साबण नऊ-दहाचा अल्कधर्मी. मी आत्याची बॅग धुतली तेव्हा गाळाबरोबर तिच्या अंगातलं टॅनिनही धुऊन निघालं, तो तपकिरी फेस मला अजून आठवतो.

पूर ज्यांच्या घरात येतो त्यांच्यासाठी एक गोष्ट इथेच सांगून टाकते, त्यांना प्रकरण शोधत बसायला लावत नाही. भिजलेली बॅग आधी स्वच्छ गार पाण्यानं गाळ जाईपर्यंत हलकेच खळखळून घ्या. आत पांढरे सुती फडके सैल कोंबा, वर्तमानपत्र नको, शाई उतरते. सावलीत, वारा लागेल अशी ठेवा. फडके दिवसातून दोन-तीनदा बदला. धातूचे भाग रोज कोरडे पुसा. पूर्ण वाळायच्या जरा आधी, किंचित ओलसर असताना, हातानं हळूहळू वाकवत राहा म्हणजे तंतू एकमेकांना चिकटत नाहीत. तेल शेवटी, अगदी थोडं, तेही सालीच्या कमावणीलाच. या सगळ्याला आठ-दहा दिवस लागतात आणि ते दिवस वाचवता येत नाहीत.

आता धातू. बॅगेच्या खटक्यांना, कड्यांना, बकलांना आणि चेनला मिळून धंद्यातली माणसं 'फिटिंग' म्हणतात, मीही पुस्तकभर तोच शब्द वापरला आहे. फिटिंग उजळायचं ज्ञान शोधत मी मिरजेला पोचले आणि तिथे मला या पुस्तकातली सगळ्यात आवडती माणसं भेटली. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते आपल्याला ठाऊक असतं. पण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तिथे वाद्यं घडवायला सुरुवात करणारे फरीदसाहेब मूळचे शिकलगार होते, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार आणि झिलई देणाऱ्या घराण्यातले. शस्त्रांचे दिवस सरले आणि तोच हात भोपळ्याकडे, लाकडाकडे वळला. शिकल करणं म्हणजे चकचकीत करणं नव्हे, हे मला सतारमेकर गल्लीत बसून कळलं. एक वृद्ध कारागीर तंबोऱ्याच्या दांडीवर चपड्याचा हात फिरवत होते. फडक्याची पुरचुंडी, तिच्यात थेंब-दोन थेंब, आणि हात एकाच लयीत. मी विचारलं, थांबायचं कधी? ते म्हणाले, "बोट फिरवल्यावर बोटाला काही सांगायचं उरलं नाही की थांबायचं."

पितळी खटक्याला हा नियम तंतोतंत लागू आहे. चिंच, लिंबू, भांडी घासायची पावडर, हे सगळं देवघरातल्या जाड, भरीव पितळेसाठी ठीक. बॅगेचं फिटिंग तसं नसतं. आम्लात पितळ फार वेळ राहिलं की त्यातलं जस्त आधी निघून जातं आणि पृष्ठभाग तांबूस, गुलाबी, खडबडीत उरतो. आत्याच्या खटक्याची एक गोळी आजही दुसरीपेक्षा लालसर आहे. आणि पुष्कळदा ते पितळ नसतंच. लोहचुंबक चिकटला तर खाली लोखंड आहे आणि वर मुलामा. चिकटला नाही पण वस्तू ओतीव, कोपरे मऊ आणि खोलगट जागी फुगवटे दिसत असतील तर जस्ताचा मिश्रधातू असण्याचा संभव मोठा. सोनेरी मुलामा इतका पातळ असतो की चार वेळा जोरानं घासला की संपतो, आणि एकदा गेला की घरी परत येत नाही.

मुलामा आहे की धातू, हे ओळखायला माझ्या मदतीला आले ते विट्याकडचे गलाई व्यवसायातले एक आजोबा. खानापूर, विटा, आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यातली ही माणसं सोनं-चांदी गाळण्याच्या कामानं देशभर पसरली आहेत. भारतात कुठल्याही सराफ बाजारात जा, मागच्या गल्लीत सांगली जिल्ह्याची मराठी कानावर पडते. आजोबांनी कडी हातात घेऊन कडेची झीज बघितली, जिथे पट्टा घासून घासून वरचा थर उडतो ती जागा. "कस लावायला दगड लागतो असं नाही," ते म्हणाले, "वापर हाच दगड. माणसानं दहा वर्षं घासलंय, आता फक्त बघायचं." तेव्हापासून मी कुठलंही फिटिंग आधी त्याच्या सगळ्यात झिजलेल्या जागी बघते.

अमोनिया असलेल्या पॉलिशबद्दल पुस्तकात मी जरा जास्तच कडक लिहिलं आहे, त्यामागे एक जुनी हकीकत आहे. ब्रिटिश काळात हिंदुस्थानातल्या लष्करात पावसाळ्यात पितळी काडतुसं तबेल्यांमध्ये साठवायचे. पाऊस संपला की काडतुसांच्या नळकांड्यांना चिरा गेलेल्या असायच्या. घोड्यांच्या मूत्रातून हवेत जाणारा अमोनिया आणि नळकांडी दाबून घडवताना धातूत राहून गेलेला ताण, या दोघांनी मिळून ते होत होतं; १९२१ साली त्याचा उलगडा झाला. बॅगेचा खटकाही दाबून, वाकवून घडवलेला असतो आणि आपल्याकडे पावसाळा आहेच. पॉलिश वापरायचंच असेल तर जाड कागदाला चीर पाडून तो कडीखाली सरकवा, चामडं झाका, कापसाच्या काडीनं लावा आणि खाचांमध्ये कण राहू देऊ नका. पांढरे कण वाळून बसले की पुढची वीस वर्षं तेच आधी दिसतात.

सातारा आणि सांगली एकत्र घेण्याला आणखी एक कारण आहे, हवेचं. महाबळेश्वरात वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. माण, आटपाडी, जतकडे जेमतेम ५०० च्या आसपास. दोनशे किलोमीटरच्या आत एवढा फरक. एकच बॅग महाबळेश्वरात बुरशीनं जाते आणि म्हसवडला तडकून जाते. परदेशी पुस्तकांत लिहिलेलं असतं की बॅग थंड कोरड्या जागी ठेवा. कोणत्या गावच्या? पाचगणीच्या शाळेत नोकरी करणारीनं जून ते सप्टेंबर बॅग बंद कपाटात ठेवूच नये. दर आठवड्याला बाहेर काढून वाऱ्याला लावावी. जतच्या बाईनं उलट ती सुती पिशवीत गुंडाळावी आणि लोखंडी कपाटाच्या तापणाऱ्या भिंतीपासून दूर ठेवावी. हे तक्ते मी तालुक्यांप्रमाणे दिले आहेत. या पुस्तकात मला सगळ्यात जास्त समाधान कशाचं असेल तर त्या तक्त्यांचं.

दोघांनाही मानवेल असा एक घास मात्र आहे: मेण. मधमाशीचं मेण ६२-६४ अंशांना वितळतं, तेलासारखं आत मुरून बसत नाही. पितळ उजळल्यावर त्याचा अगदी पातळ हात दिला तर हवा आणि चामड्यातलं तेल धातूपासून दूर राहतं; सुक्या चामड्यावर तोच हात पावसाचे थेंब थोपवतो; अडकणाऱ्या चेनच्या दातांवर मेणाचा तुकडा फिरवला की ती चालू लागते. आणि मेणासाठी लांब जायला नको. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर २०२२ साली 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं. त्या डोंगरात मध काढणारी घरं पिढ्यान्‌पिढ्यांची आहेत. मेण, खाचांसाठी बांबूची काडी, जुन्या सुती लुगड्याचं फडकं, शिवणीसाठी मेण लावलेला दोरा आणि आरी. माझ्या टेबलावर याहून फार काही नसतं.

काही ठिकाणी हात आवरायला सांगितलं आहे. जुन्या इंग्रजी कायद्याच्या पुस्तकांची चामडी बांधणी हाताळली की बोटांना विटकरी भुकटी लागते, तशी भुकटी बॅगेची सुटत असेल तर तेल, पाणी, पॉलिश काहीही लावू नका. हवेतल्या गंधकाच्या धुरानं चामड्याच्या तंतूंचंच पीठ झालेलं असतं; ते पुन्हा बांधता येत नाही, फक्त थांबवता येतं, आणि थांबवायचं कसं ते शेवटच्या प्रकरणात आहे. पूर्ण पुन्हा रंगवलेल्या बॅगांबद्दल माझं मत मी लपवलेलं नाही. एसटीच्या वाहकाच्या खांद्यावरची जुनी चामडी बॅग आठवा, पट्ट्याखाली खांद्याच्या घामानं काळी झालेली, नाण्यांनी पोट सैल पडलेली. तिला एकसारखा तपकिरी रंग दिला तर ती बॅग उरते, वाहक उरत नाही.

जून २०२५ मध्ये मिलानच्या एका फॅशन शोमध्ये प्राडानं कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि मोठी चर्चा झाली. पुढे त्या कंपनीनं भारतीय परंपरेचं ऋण मान्यही केलं. कोल्हापुरी चपलेच्या २०१९ च्या भौगोलिक मानांकनात कोल्हापूर, सोलापूरबरोबर सांगली आणि सातारा हे जिल्हेही आहेत, हे त्या गदारोळात फार थोड्यांनी सांगितलं. मला त्या दिवसांत राहून राहून एकच वाटत होतं. लाखाची परदेशी बॅग दुरुस्तीला पुण्या-मुंबईच्या काचेच्या दुकानात जाते, आणि ज्या हातांना साल-हिरड्याचं चामडं वास घेऊन ओळखता येतं ते हात साताऱ्याच्या बोळात तळव्यांना टाचा लावत बसले आहेत. हे पुस्तक वाचून कुणी आपली बॅग घेऊन आपल्या गावच्या चर्मकाराकडे गेलं, त्याच्याशेजारी बसून काम केलं आणि त्याला त्या कामाचे पुरते पैसे दिले, तर मला हवं ते झालं.

कामाला हात घालण्यापूर्वी बॅग पूर्ण रिकामी करायची, हे पहिल्या प्रकरणाचं पहिलं वाक्य आहे. मी ते केलं नव्हतं. आत्याच्या बॅगेचा तो बिनअस्तराचा कप्पा मी पुरानंतर दोन वर्षांनी, मामांच्या समोर, पहिल्यांदा उलटा केला. आत एक सेफ्टी पिन होती, गंजून चामड्याला चिकटलेली. साडीच्या पदराला लावायची, जादाची म्हणून ठेवलेली असावी. मामांनी ती आरीच्या टोकानं अलगद सोडवली. खाली चामड्यावर पिनेचं चित्र उमटलं होतं, डोकं, वळण, टोक सगळं, काळ्याभोर रेघेत. लोह आणि हिरड्यानं मिळून काढलेलं. लिंबाच्या आम्लानं ते फिकं करता येईल का, म्हणून मी विचारलं. मामांनी कप्पा पुन्हा सरळ केला, खटका मिटला आणि बॅग माझ्या हातात दिली.